दहीकाकांची करंगळी

दहीकाकांच्या उजव्या हाताच्या करंगळीला गल्लीत जेवढा मान होता, तेवढा खुद्द दहीकाकांनाही नव्हता. काकूंचं तर स्पष्ट मत होतं की या माणसात अक्कल म्हणून जी काही आहे ती त्या एका बोटात आहे, बाकीचं शरीर ते बोट इकडून तिकडे न्यायला दिलेलं आहे. हे त्या भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर बोलून दाखवायच्या. काका रागवायचे नाहीत. उलट करंगळी वर करून सगळ्यांना दाखवायचे.

मानाचं कारण साधं होतं. तापवलेलं दूध विरजण लावण्याइतकं निवलं की नाही, ते ती करंगळी सांगायची. रोज पहाटे दुकानामागच्या खोलीत मोठ्या पातेल्यातलं दूध उकळून खाली उतरवलं जाई. काका कोपरापर्यंत हात साबणाने घासून धूत, करंगळी दुधात बुडवत आणि डोळे मिटून उभे राहत. दूध फार गरम असलं तर विरजण मरतं. फार निवलं असलं तर ते सुस्तावतं आणि दही चिकट, तारेचं होतं. या दोहोंमधली जागा अगदी चिंचोळी. ती आली की काकांचा आवळलेला चेहरा सैल पडायचा, ते "हं" म्हणायचे आणि कालच्या दह्यातलं विरजण आजच्या दुधात पडायचं. मग मातीची वाडगी, वर पांढरं फडकं आणि लाकडी कपाटाची दारं बंद. दुपारपर्यंत दही असं लागायचं की वाडगं तिरकं धरलं तरी जागचं हलायचं नाही.

एवढ्यावर थांबते तर ते काका कसले. नुसतं दही विकून त्यांचं समाधान होत नसे. त्यांना दह्याची कीर्ती वाढवायची होती. दुकानावर त्यांनी पाटी रंगवून घेतली होती: "साधे दही. हाडांना बळ, पोटाला आराम, सर्व विकारांवर गुणकारी." रंगाऱ्याचा अंदाज चुकल्यामुळे शेवटचा शब्द बारीक होत होत कोपऱ्यात वर चढला होता, त्यामुळे "गुणकारी" जरा घाबरून पळाल्यासारखं दिसायचं.

काका सांगायचे त्यातलं बरंचसं खरंही होतं. वाटीभर साध्या दह्यात प्रथिनं असतात, हाडांसाठी कॅल्शियम असतं, रक्ताला लागणारं बी-बारा असतं. दूध पचत नाही अशा पुष्कळांना दही पचतं, कारण दुधातली थोडी साखर जंतूंनी आधीच खाऊन टाकलेली असते. डब्यातल्या गुलाबी, गोडमिट्ट दह्यात वरून किती साखर ओततात तेही ते पोटतिडकीने सांगत. पण काकांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की खऱ्याची हद्द कधी ओलांडली ते त्यांनाही कळत नसे. केस गळतात? दही खा. मुलगा परीक्षेत नापास झाला? दही द्या. जावई चिडका आहे? त्याला तर रोज दोन वाट्या. आणि त्यांचा सगळ्यात लाडका सल्ला असा: "गोळी पाण्याबरोबर कशाला घेता? दह्याबरोबर घ्या. पोट बिघडणार नाही."

हा सल्ला मनोभावे पाळणारा पहिला माणूस म्हणजे समोरच्या दुकानातला शिंपी. त्याला थायरॉइडची गोळी चालू होती. सकाळी दुकान उघडलं की तो रस्ता ओलांडून यायचा, काकांच्या ओट्याशी उभा राहून दह्याच्या पहिल्या घासाबरोबर गोळी गिळायचा आणि परत जाऊन मशीनवर बसायचा. थोड्या वेळाने मान खाली. आधी चपळ असलेला हा माणूस गेल्या काही महिन्यांत इतका मंद झाला होता की गल्लीत त्याच्या डुलक्यांवर विनोद व्हायचे. काका सगळ्यांत पुढे.

"याच्याकडे पँट टाकू नका रे," काका म्हणायचे. "झोपेत दोन्ही पाय एकाच बाजूला शिवून देईल."

"तुमचं दही गुंगीचं आहे काका," शिंपी जांभई देत म्हणायचा.

"मग अजून एक वाटी घे. उतारा होईल."

आणि तो बिचारा घ्यायचा.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी दुधाच्या कॅनचं झाकण काकांच्या हातातून निसटलं. झाकणाचा पत्रा एका जागी उचकटलेला होता. त्याची धार करंगळीच्या नखालगत खोल गेली. थोड्या वेळाने रक्त थांबलं. दुसरा कोणी असता तर त्याने जखम धुतली असती, मलम लावलं असतं. ही पुढची चूक करायला दहीवालाच हवा. काकांनी जखमेवर दोन बोटं घट्ट दही थापलं आणि वर फडकं गुंडाळलं.

"अहो, जखमेवर दही?" काकू म्हणाल्या.

"थंडावा मिळतो."

"जखमेला की तुम्हाला?"

आठवडाभरात करंगळी दुप्पट झाली. रंग आधी लाल, मग जांभळट. काका हात पाठीमागे लपवून वावरू लागले. दूध बघायला त्यांनी तेवढ्यात कधी अनामिका वापरली, कधी नुसती वाफ बघितली, आणि दही दोनदा बिघडलं. शेवटी त्यांना दवाखान्यात नेलं ते सुनेने.

सून या घरात येऊन वर्ष होत आलं होतं. नवरा दुधाच्या टँकरवर चालक, आठवड्यातले बरेच दिवस बाहेर. लग्नाआधी ती एका बेकरीत कामाला होती. तिथे पिठापासून भट्टीपर्यंत सगळं मोजून मापून चालायचं. येताना ती आपल्या सामानात बेकरीतलं एक तापमापक घेऊन आली होती, लांब सुई आणि वर काट्याची गोल तबकडी असलेलं. ते पहिल्यांदा पाहिल्यावर काका म्हणाले होते, "पावाला ताप आलाय का बघायला?" सगळे हसले होते. सूनही हसली होती. नंतर तिने ते गुपचूप पेटीच्या तळाशी ठेवून दिलं होतं. काकांची थट्टा प्रेमळ असली तरी बोचायची, आणि ही गोष्ट काकांना सोडून घरात सगळ्यांना माहीत होती.

दवाखाना छोटा होता. बाहेर बाकडं, आत एक पडदा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि हळू बोलायच्या. त्यांनी बोटाच्या हाडाचा फोटो काढायला लावला, तो उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं की जंतुसंसर्ग हाडापाशी पोचलाय. जखम साफ केली, सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या जंतुनाशक गोळ्या लिहून दिल्या. उजवा हात बरा होईपर्यंत दुधाजवळ न्यायचा नाही, म्हणाल्या. "दोन आठवड्यांनी पुन्हा बघू. उतार पडला नाही तर बोटाचं वरचं पेर काढावं लागेल. आधीच सांगून ठेवते."

काका भ्यायले. पण भीती वाटली की गप्प होणाऱ्यांतले ते नव्हते. भीती वाटली की ते जास्तच बोलत.

"हाडाचाच प्रश्न आहे ना बाई?" ते म्हणाले. "मग कॅल्शियमचा तर मी मालक आहे. आमच्या दह्याची एक वाटी रोज खाल्ली तर..."

डॉक्टरीणबाई गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होत्या. काका दही कसं खायचं ते सांगत होते. दोघांचं एकाच वेळी चाललं होतं, आणि काकांना अर्थातच काकाच ऐकू येत होते. सून त्या वेळी बाहेरच्या बाकड्यावर बसलेली होती. आत यायचं का असं तिने विचारलं होतं, तेव्हा काका म्हणाले होते, "मी काय लहान आहे?"

घरी आल्यावर खरं घोडं अडलं. दूध कोण बघणार? काकांनी डाव्या हाताची करंगळी धुऊन बुडवली. डोळे मिटले. बराच वेळ उभे राहिले. डाव्या करंगळीला काही म्हणजे काही कळेना. तिने आयुष्यभर कान खाजवण्यापलीकडे काम केलेलं नव्हतं. तरी काका हट्टाने "हं" म्हणाले. दुपारी कपाट उघडलं तर वाडग्यांमधून झारा उचलला की मागोमाग तारा लोंबत येत होत्या. दुसऱ्या दिवशी उलटं, नुसतं आंबूस पाणी आणि तळाशी चोथा. काकूंनी कपाळाला हात लावला. शिंपी रिकाम्या हाताने परत गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटे काका खोलीत आले तेव्हा पातेल्यावर सून उभी होती, हातात ते तापमापक. तबकडीवर तिने नखाच्या लाल रंगाचा एक ठिपका लावला होता.

"काय करतेस?"

"बघते बाबा. चुकलं तर तुम्ही आहातच ओरडायला."

"आणि तो ठिपका कुठून काढलास?"

"मागच्या महिन्यात तुम्ही करंगळी बुडवून 'हं' म्हणालात ना, की मी तुमची पाठ वळल्यावर सुई घालून बघायचे. रोज काटा तिथेच यायचा. थोडासुद्धा इकडे तिकडे नाही."

सुई दुधात होती, काटा सावकाश उतरत ठिपक्याकडे निघाला होता. तो पोचला तशी सुनेने विरजण घातलं. दुपारी दही लागलं होतं. वाडगं तिरकं करून पाहिलं, हललं नाही. गिऱ्हाइकांनी ते नेलं आणि कोणीही काहीही म्हणालं नाही. काकांना त्याचंच वाईट वाटलं. निदान एकाने तरी नाक मुरडावं अशी त्यांची मनातून इच्छा होती. त्या दिवशी त्यांनी गल्ल्यावर बसून स्वतःच्या पांढऱ्या पट्टीकडे इतक्या वेळा पाहिलं की काकूंनी शेवटी त्यांच्या मांडीवर फडक्यांचा ढीग आणून ठेवला, घड्या घालायला.

गोळ्या मात्र ते डोळ्यात तेल घालून घेत होते. एकही चुकवली नाही. सकाळी उठल्यावर एक, संध्याकाळी एक, आणि दोन्ही वेळा भरगच्च वाटीभर दह्याबरोबर. त्यांचा विचार अगदीच खुळा नव्हता. जंतुनाशक गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मरतात, पोट बिघडतं, आणि दह्यात तर जिवंत जंतू असतात, हे त्यांनी ऐकलेलं होतं. तेव्हा एका घासात मारणारे आणि वाचवणारे दोन्ही पाठवले की आत सगळं ठीक, असा त्यांचा हिशेब. पोट खरोखरच बिघडलं नाही. त्यामुळे काका खूश.

करंगळी मात्र तशीच. उलट रात्री जास्त ठणकू लागली.

दोन आठवड्यांनी ते पुन्हा दवाखान्यात गेले. या वेळी सून न विचारता आत आली आणि भिंतीशी उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, बोट पाहिलं, नवा फोटो पाहिला. त्यांचा चेहरा पडला.

"काडीचाही फरक नाही," त्या म्हणाल्या. "मला हे अपेक्षित नव्हतं. या गोळ्या चांगल्या लागू पडतात. तुम्ही मधे चुकवल्या तर नाहीत ना?"

"एकसुद्धा नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मग मला मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची वेळ घ्यावी लागेल."

ज्या माणसाने कधी दोन वाक्यांत श्वास घेतला नाही तो खुर्चीत नुसता बसून राहिला. सुनेला ते बघवेना. सासऱ्यांची बाजू घ्यावी, त्यांनी हेळसांड केली नाही हे बाईंना कळावं, एवढ्याच हेतूने ती म्हणाली, "खरंच चुकवल्या नाहीत हो. दोन्ही वेळा मीच वाटी भरून देते. दह्याबरोबर घेतात, पोटाला त्रास नको म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"दह्याबरोबर?"

"वाटीभर," काका म्हणाले.

"मागच्या वेळी मी सांगितलं होतं. दूध, दही यांच्याबरोबर घेऊ नका. मी सांगत होते तेव्हा तुम्ही..." त्या थांबल्या. तेव्हा काका काय करत होते ते दोघांनाही आठवलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं, हळू आवाजात, आणि या खेपेला काकांनी ऐकलं. दह्यातलं कॅल्शियम या जातीच्या गोळ्यांना पोटातच धरून ठेवतं. दोघांची गाठ पडली की औषध रक्तात फारसं उतरतच नाही, तसंच बाहेर जातं. सगळ्याच गोळ्यांचं असं होत नाही, पण काहींचं होतं. म्हणून विचारून घ्यायचं असतं.

"म्हणजे दोन आठवडे मी गोळ्या घेतल्याच नाहीत," काका म्हणाले.

"जवळजवळ तसंच."

"माझ्याच दह्याने."

"दह्याचा दोष नाही. वेळेचा आहे." त्यांनी बोट पुन्हा उजेडात फिरवून पाहिलं, बराच वेळ. "एक आठवडा अजून थांबता येईल असं वाटतं. जास्त नाही. गोळी पाण्याबरोबर, सकाळी लवकर आणि संध्याकाळी. दही खायचंच असेल तर भर दुपारी, दोन्ही गोळ्यांपासून लांब."

काकांनी दचकून वर पाहिलं. "म्हणजे खाऊ?"

"खा की. चांगलं अन्न आहे. जखम भरायला प्रथिनं लागतातच. जंतुनाशकांनी पोट बिघडतं त्यात काहींना दह्याचा उपयोग होतो असं दिसलंय, सगळ्यांनाच होतो असं मात्र नाही." त्या थोडंसं हसल्या. "पण ते अन्न आहे काका. त्याला डॉक्टर करू नका."

दवाखान्यातून दोघं चालत घरी निघाले. वाटी आपणच भरून देत होतो, हे सुनेला राहून राहून टोचत होतं. कोपऱ्यावर ती म्हणालीच, "बाबा, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असेल? तुला तर मी बाहेर बसवलं होतं." मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आज बोललीस म्हणून कळलं. नाहीतर बोट कापून घेऊन वर एक वाटी दही खाल्लं असतं मी."

आणि गल्लीच्या तोंडाशी येताच ते एकदम थबकले. समोर शिंप्याच्या दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. आत मशीनवर डोकं टेकून शिंपी झोपला होता.

काकांना त्याची थायरॉइडची गोळी आठवली. रोज सकाळी आपल्याच ओट्याशी, आपल्याच सांगण्यावरून, आपल्याच दह्याबरोबर. आणि वर आपणच त्याच्यावर हसायचं. सून "आधी घरी चला, आई वाट बघत असतील" म्हणेपर्यंत ते रस्ता ओलांडून गेलेही होते.

"ऊठ रे."

शिंप्याने डोळे उघडले. गालावर शिवणीची खूण उमटली होती. काकांनी त्याला सगळं सांगितलं. बोट, गोळी, दही, वेळ, सगळं. मधे विनोद नाही, फाटे नाहीत. एवढं सरळ ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असतील. "तुझ्या गोळीचं तसंच होत असेल का मला ठाऊक नाही. पण तू आजच्या आज तुझ्या डॉक्टरला विचार. दह्याबरोबर घेत होतो म्हणून सांग. दहीवाल्याने सांगितलं होतं म्हणून सांग."

शिंपी सरळ होऊन बसला. मग म्हणाला, "दोनदा वाढवली हो त्यांनी गोळी. म्हणाले, कळत नाही, लागू का पडत नाही."

"माझ्यामुळे."

"म्हणजे इतके महिने मी झोपतोय ते तुमच्यामुळे?"

काकांनी मान खाली घातली. आता हा चिडणार, चिडू दे, चिडायलाच हवं, असं त्यांना वाटलं. शिंप्याने त्यांच्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. "माझी झोप गेली तर तुमच्या दुकानात हसायला काय उरणार?" तो म्हणाला आणि चपला घालून डॉक्टरांकडे निघाला. दुपारी परत येऊन त्याने रस्त्यावरूनच ओरडून सांगितलं की गोळी आता नुसत्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी, आणि दही नंतर पुष्कळ वेळाने. महिना-दीड महिन्याने रक्त पुन्हा तपासायचं.

तो आठवडा त्या घराने कसा काढला ते घरालाच ठाऊक. काका पहाटे पाण्याबरोबर गोळी घेत आणि दह्याच्या कपाटाकडे पाठ करून बसत. दुपारी काकू वाटी पुढे ठेवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी ती नुसतीच बघितली.

"रुसलात का त्याच्यावर?" काकूंनी विचारलं.

"त्याच्यावर कशाला रुसू? लाज वाटते."

"दह्याला?"

"मला."

काकूंनी चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. त्या दोघांच्या संसारात असे प्रसंग फार आले नव्हते, त्यामुळे पुढे काय बोलायचं ते काकूंना माहीत नव्हतं. त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या. काकांनी वाटी संपवली.

चौथ्या दिवशी ठणका कमी झाला. काका कोणाला बोलले नाहीत, उगाच दृष्ट लागेल अशी भीती. पाचव्या दिवशी सूज उतरून कातडीला सुरकुती पडली तेव्हा मात्र त्यांना राहवेना, त्यांनी ती सुरकुती घरादाराला दाखवली. आठवडा संपला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि बोट दाबून पाहिलं. "कापायची गरज नाही," त्या म्हणाल्या. काकूंचा जीव भांड्यात पडला. काकांना तर हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. गोळ्या अजून बरेच दिवस चालणार होत्या. त्या ते न बोलता, पाण्याबरोबर घेत राहिले.

मधल्या काळात रंगारी पुन्हा आला. पाटीवरचं "सर्व विकारांवर गुणकारी" खरवडून त्या जागी काय लिहायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. काकूंचं म्हणणं, काहीच लिहू नका, मोकळी जागा बरी दिसते. काकांनी ऐकलं नाही. आता तिथे लिहिलं आहे: "गोळी चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा." गल्लीत हसू झालं. गिऱ्हाइकाच्या आनंदावर विरजण घालणारी पहिली पाटी, असं शिंपी म्हणाला. तो आता हे मशीन चालवता चालवता म्हणतो. त्याचं रक्त तपासून झालं, गोळी पुन्हा कमी झाली, आणि डुलक्या काढायला त्याला वेळ मिळेनासा झाला. दही तो रोज नेतो, दुपारी.

शेवटी एकदाची पट्टी कायमची सुटली. नख गळून गेलं होतं, शेंडा जरा बसका आणि गुळगुळीत झाला होता, पण बोट होतं. हात दुधात घालायला हरकत नाही, असं बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी काका सगळ्यांच्या आधी उठले. दूध उकळलं, उतरवलं. कोपरापर्यंत हात घासले, एकदा नाही, दोनदा. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सून फडकी हातात घेऊन भिंतीशी. काकांनी करंगळी दुधात बुडवली आणि डोळे मिटले.

बराच वेळ गेला. दुधावर साय धरायला लागली.

चेहरा काही सैल पडेना. बोटाला दूध गरम लागत नव्हतं, कोमट लागत नव्हतं, गार लागत नव्हतं. नुसतं ओलं लागत होतं. काकांनी डोळे उघडले तेव्हा काकूंनी नजर दुसरीकडे वळवली.

"बोट आहे," काका म्हणाले. "पण मुकं झालंय."

मग सुनेने फडकी ठेवली, बाही वर सारली आणि नळाखाली हात धरला. कोपरापर्यंत साबण लावला. ती पातेल्यापाशी आली आणि तिने आपली करंगळी दुधात बुडवली.

"काटा कुठाय तुझा?" काकांनी विचारलं.

"फळीवर आहे. नंतर बघू."

"तुला काय कळणार नुसत्या बोटाने?"

"रोज आधी बोट घालत होते बाबा, मग काटा. सुरुवातीला काहीच जुळायचं नाही. आता जुळतं. तुमचं बोट कापलं गेलं असतं तर? घरात कोणाला तरी यायला नको का?"

तिने डोळे मिटले. काका तिच्याकडे बघत राहिले. कपाळावर तीच आठी, ओठ तसेच आवळलेले, मान तशीच एका बाजूला. आपण असे दिसतो हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. मग हळूहळू तिचा चेहरा सैल पडला.

"हं," सून म्हणाली.

काकूंना हसू आवरेना. काकांनी फळीवरचं तापमापक घेतलं आणि सुई दुधात घातली. काटा फिरत फिरत लाल ठिपक्यावर जाऊन थांबला. त्यांनी तो सुनेला दाखवला नाही, तिला गरजच नव्हती. त्यांनी तापमापक पुसून, दिसेल असं, स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवलं. मग कालच्या दह्याचं वाडगं ओढून घेतलं आणि विरजण दुधात सोडलं, उजव्याच हाताने, पाचही बोटांनी.